मधुमेह आणि ‘ताकदीच्या गोळ्या’: गरज एकीची, भडिमार साऱ्यांचा

मधुमेहाच्या रुग्णाच्या घरातील औषधांचा डबा उघडला, की शुगरच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी आणखी दोन-तीन पाकिटे हमखास दिसतात. एक बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल, एक गोळी ‘नसांसाठी’ आणि आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी. ती कोणी लिहून दिली, किती दिवसांसाठी दिली, हे बहुधा घरात कोणालाच आठवत नाही. ‘अशक्तपणा वाटतो म्हणून’, ‘पायांची आग होते म्हणून’, ‘एकदा डॉक्टरांनी दिली होती, तेव्हापासून चालू आहे’ ही उत्तरे ठरलेली असतात. काही वेळा तर डॉक्टरांचाही संबंध नसतो. औषधाच्या दुकानदाराने सुचवलेली किंवा शेजाऱ्याला ‘लागू पडलेली’ गोळी डब्यात येते आणि तेथेच मुक्काम ठोकते.

ही सवय किती घरांतली आहे, याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा पुरेसा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिएब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १ लाख १३ हजारांवर व्यक्तींच्या तपासणीवर आधारलेल्या या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख इतकी असल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. यातील बहुतांश रुग्ण दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे प्रौढवयात जडणाऱ्या मधुमेहाचे आहेत आणि त्यांना आयुष्यभर औषधे घ्यायची आहेत. या औषधांच्या जोडीला जीवनसत्त्वांची भर किती उपयोगाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ काही रुपयांच्या गोळीचा राहत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांतील मोठ्या वैद्यकीय चाचण्या एकत्र वाचल्या, तर एक विचित्र चित्र उभे राहते. ज्या जीवनसत्त्वांचा मधुमेहींवर सरसकट भडिमार होतो, त्यांचा ना साखरेला फायदा, ना हृदयाला, ना मूत्रपिंडाला. काही ठिकाणी तर तोटाच. आणि ज्या एका जीवनसत्त्वाची अनेक मधुमेहींना खरोखर गरज असते, त्याची तपासणी मात्र वर्षानुवर्षे होत नाही.

जीवनसत्त्व हे औषधाप्रमाणे काम करीत नाही, ही यातली मूळ गोष्ट आहे. औषधाचा डोस वाढवला, की काही मर्यादेपर्यंत परिणाम वाढतो. जीवनसत्त्वाचे तसे नाही. शरीराला लागणारे प्रमाण अत्यल्प. ते मिळाले नाही तर आजार, आणि मिळाले की पुढची भर बहुधा निरुपयोगी. भरलेल्या रांजणात आणखी चार कळशा ओतल्या म्हणून घरातले पाणी वाढत नाही. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते, ती गोळीतील रायबोफ्लेविन शरीराबाहेर टाकले जात असल्यामुळे. अनेकांना मात्र ती औषध ‘अंगी लागल्याची’ खूण वाटते.

<b>आशा मोठी, फळ नाही</b>

नव्वदच्या दशकात ई जीवनसत्त्वाचा मोठा बोलबाला होता. मधुमेहात पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, रक्तवाहिन्या खराब होतात, हे खरे. मग ऑक्सिडीकरण रोखणारे ई जीवनसत्त्व दिले तर हृदयविकार टळेल, असा सरळ हिशेब मांडला गेला. तो तपासण्यासाठी कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या ‘होप’ चाचणीत ९,५४१ रुग्ण होते. निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व आणि उरलेल्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. २००० साली निष्कर्ष आले: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मृत्यू यांत काहीही फरक नाही. या चाचणीतील ३,६५४ मधुमेहींचा वेगळा हिशेब २००२ मध्ये मांडण्यात आला. तोही तसाच, कोरा. पुढे यातील रुग्णांचा आणखी काही वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण उलट अधिक आढळले.

त्यानंतर पाळी आली बी जीवनसत्त्वांची. रक्तातील होमोसिस्टिन या घटकाचे प्रमाण वाढले, की हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो. फोलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ दिल्यास होमोसिस्टिन खाली येते. तेव्हा धोकाही खाली यावा! २००६ मध्ये ‘होप-२’ या चाचणीने हा तर्क तपासला. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या ५,५२२ रुग्णांना सुमारे पाच वर्षे ही जीवनसत्त्वे किंवा कोरी गोळी देण्यात आली. होमोसिस्टिन अपेक्षेप्रमाणे उतरले, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र उतरले नाहीत. पक्षाघाताच्या घटना थोड्या कमी दिसल्या, पण तेवढ्यावरून ही जीवनसत्त्वे सर्वांना द्यावीत, असे म्हणण्यास संशोधकही धजावले नाहीत. प्रयोगशाळेच्या कागदावरील आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे यांतले अंतर या चाचणीने दाखवून दिले.

यापुढची चाचणी आकाराने लहान आहे. परंतु मधुमेहींच्या दृष्टीने कदाचित ती सर्वांत महत्त्वाची ठरावी. मधुमेहामुळे मूत्रपिंडावर परिणाम झालेल्या २३८ रुग्णांवर कॅनडातील पाच केंद्रांत ‘डिव्हाइन’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. एका गटाला रोज अडीच मिलिग्रॅम फोलिक ॲसिड, २५ मिलिग्रॅम बी-६ आणि एक मिलिग्रॅम बी-१२ अशी गोळी होती. मूत्रपिंडाचे काम वाचवावे, हा हेतू. तीन वर्षांनंतर घडले ते उलटेच. मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात सरासरी १६.५ एककांनी घसरली, तर कोरी गोळी घेणाऱ्यांत १०.७ एककांनी. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मृत्यू अशा घटनांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात दुप्पट होते.

रुग्णसंख्या थोडी असल्याने या एका चाचणीवरून टोकाचे निष्कर्ष काढता येणार नाहीत. तिच्यातील डोसही मोठे होते. तथापि ‘पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, नुकसान काहीच नाही’ हे वाक्य जितक्या निर्धास्तपणे उच्चारले जाते, तितके ते सुरक्षित नाही. निघून जाण्याची वाट मूत्रपिंडातून जाते, आणि मधुमेहात सर्वांत आधी कुरतडल्या जाणाऱ्या अवयवांत मूत्रपिंडाचा क्रमांक वरचा आहे. आपले मूत्रपिंड कितपत शाबूत आहे, हे क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासल्याशिवाय रुग्णाला कळत नाही. गोळी मात्र तपासणीविना सुरू झालेली असते.

सेलेनियम या खनिजाची गोष्ट अशीच. अमेरिकेत कर्करोग टाळण्यासाठी त्याची चाचणी झाली होती. तिच्या माहितीचे २००७ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका दीडपटीहून अधिक असल्याचे दिसले. ‘मल्टिव्हिटॅमिन-मल्टिमिनरल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असते.

<b>ड जीवनसत्त्वाची लाट</b>

अलीकडच्या काळात ई मागे पडले आणि ड पुढे आले. शहरातल्या तपासणी पॅकेजांत ड जीवनसत्त्वाची चाचणी असतेच, आणि अहवालात तो आकडा लाल शाईत येणे हेही जवळपास ठरलेले. घर ते मोटार, मोटार ते कार्यालय असा दिनक्रम असलेल्यांच्या अंगाला ऊन लागत नाही, हे खरेच आहे. मधुमेहींमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळते, असे अनेक पाहण्या सांगतात. मात्र कमी ड जीवनसत्त्वामुळे मधुमेह होतो, की ज्यांचे वजन अधिक, व्यायाम कमी, घराबाहेर पडणे कमी अशांना दोन्ही गोष्टी एकदमच गाठतात? चरबीत विरघळणारे हे जीवनसत्त्व स्थूल शरीरात चरबीत अडकून पडते आणि रक्तात कमी दिसते. नुसत्या पाहण्यांतून हा गुंता सुटत नाही.

तो सोडवण्यासाठी अमेरिकेत ‘डी-टू-डी’ ही चाचणी झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ व्यक्ती, रोज चार हजार युनिट ड जीवनसत्त्व किंवा कोरी गोळी, मध्यक कालावधी अडीच वर्षे. जून २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला आणि न घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. फरक दिसतो, पण तो योगायोगाचाही असू शकतो, असा संख्याशास्त्राचा निर्वाळा. या चाचणीतील एक तपशील मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. सहभागी झालेल्या बहुसंख्यांना ड जीवनसत्त्वाची मुळात कमतरताच नव्हती. ज्या थोड्या जणांच्या रक्तातील पातळी फारच खाली, मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी होती, त्यांच्यात लाभ ठळक दिसला. अशा तीन चाचण्या एकत्र करून २०२३ मध्ये झालेल्या विश्लेषणात मधुमेह होण्याचा धोका १५ टक्क्यांनी कमी आढळला. त्या आधारे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये, मधुमेहाचा धोका जास्त असलेल्या उंबरठ्यावरील प्रौढांना ड जीवनसत्त्व द्यावे, अशी सूचना केली. त्याच वेळी ७५ वर्षांखालील निरोगी प्रौढांना सरसकट ते देऊ नये, असेही सुचवले.

हे सारे मधुमेह टाळण्याविषयी झाले. मधुमेह झाल्यानंतर काय, याचे उत्तर २०१९ च्याच दुसऱ्या एका अमेरिकी चाचणीत आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,३१२ रुग्णांना पाच वर्षे रोज दोन हजार युनिट ड जीवनसत्त्व, माशाच्या तेलातील ओमेगा-३ किंवा कोरी गोळी देऊन पाहण्यात आले. मूत्रपिंडाच्या कार्यात फरक पडला नाही.

हाडांसाठी आणि खऱ्या कमतरतेसाठी ड जीवनसत्त्व आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो साठ हजार युनिटची पुडी महिनोन्‌महिने घेत राहण्याबद्दल. आठवड्याला एक याप्रमाणे आठ आठवडे, हा नेहमीचा क्रम. पण आठ आठवडे संपल्याचे सांगणारे कोणी नसते. त्यात कोणी सहा लाख युनिटचे इंजेक्शनही वरचेवर देतो. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, साठत जाते. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते, आणि त्याची लक्षणे म्हणजे तहान लागणे, वारंवार लघवी होणे, थकवा. मधुमेहीला ही लक्षणे साखर वाढल्याची वाटतात आणि निदान लांबते. तोवर मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते.

<b>मेटफॉर्मिन आणि बी-१२</b>

आता ज्या एका जीवनसत्त्वाकडे खरोखर लक्ष द्यायला हवे, त्याकडे वळता येईल.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पहिले औषध म्हणून प्रामुख्याने मेटफॉर्मिन दिले जाते. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासाने १९९८ मध्ये स्थूल मधुमेहींमध्ये त्याचे मोल सिद्ध केले. औषध स्वस्त आहे, जुने आहे, वजन वाढवत नाही आणि एकट्याने घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नसते. परंतु ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ चे शोषण मंदावते. ही गोष्ट डॉक्टरांना अनेक दशके ठाऊक आहे. तिचे माप मात्र उशिरा मिळाले. नेदरलँड्समधील ३९० मधुमेहींवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना रोज तीन वेळा ८५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन देण्यात आले. २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चार वर्षांहून थोड्या अधिक काळात त्यांच्या रक्तातील बी-१२ इतरांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घटले. दर १४ रुग्णांमागे साधारण एक जण केवळ या औषधामुळे कमतरतेच्या रेषेखाली गेला. घट काळानुसार वाढत जाते, हेही या चाचणीत दिसले.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१७ पासून आपल्या मार्गदर्शक सूचनांत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची, विशेषतः पंडुरोग किंवा पायांच्या नसांचा विकार असलेल्यांची, बी-१२ तपासणी ठरावीक काळाने करण्याची शिफारस केली आहे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२ मध्ये बी-१२ ची घट हा मेटफॉर्मिनचा ‘सर्रास आढळणारा’ दुष्परिणाम मानावा, असे जाहीर केले. ज्या अमेरिकन संघटनेने बी-१२ तपासण्याचा सल्ला दिला, तीच संघटना कमतरता नसलेल्या मधुमेहींना जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा फायदा होतो याला ठोस पुरावा नाही, असेही सांगते. वरवर पाहता परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन सूचना वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

युरोप-अमेरिकेतील ही आकडेवारी आपल्याकडे तशीच्या तशी लावता येणार नाही, आणि न लावण्याचे कारण काळजी वाढवणारे आहे. बी-१२ फक्त प्राणिज आहारातून मिळते: मांस, मासे, अंडी, दूध. मांसाहारी माणसाच्या यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे मेटफॉर्मिनचा परिणाम दिसायला वेळ लागतो. महाराष्ट्रात मात्र अनेकांचा साठा आधीच तळाला गेलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. खेड्यांतील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील अशा तीन गटांत सर्वाधिक कमतरता आढळली ती शहरी मध्यमवर्गात, तब्बल ८१ टक्के. पोटभर, चांगलेचुंगले खाणाऱ्या वर्गात ही स्थिती. शाकाहारी व्यक्तींमध्ये कमतरतेचा धोका चौपटीहून अधिक होता. हे लोक मधुमेही म्हणून निवडलेले नव्हते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. याच वर्गातील माणसाला पंचेचाळिशीत मधुमेह होतो, मेटफॉर्मिन सुरू होते आणि आधीच रिकाम्या होत आलेल्या रांजणाची तोटी अधिक उघडली जाते.

त्यात पित्ताच्या गोळीची भर पडते. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी ॲसिडिटीची एक गोळी घेणे हा आता असंख्य घरांतील नित्यक्रम झाला आहे. अन्नातील बी-१२ मोकळे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते. ही गोळी नेमके तेच कमी करते. दोन वर्षांहून अधिक काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांत बी-१२ च्या कमतरतेचे प्रमाण जास्त असल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात २०१३ मध्ये आढळले.

<b>पायाची आग नेमकी कशाची?</b>

बी-१२ कमी झाल्याने बिघडते ते दोन ठिकाणी, रक्तात आणि नसांत. पायांना मुंग्या येणे, तळव्यांची आग, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणे ही नसा बिघडल्याची लक्षणे. मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या विकाराचीही लक्षणे जवळपास हीच. रुग्ण मधुमेही असल्यामुळे दोष साखरेवर जातो आणि वेदना दडपणारी औषधे सुरू होतात. प्रत्यक्षात त्यातील काही भाग बी-१२ च्या कमतरतेचा असेल, तर तो वेळेत ओळखल्यास भरून येण्यासारखा असतो. वेळ निघून गेल्यास नसांची इजा कायमची होते. बधिर पायाला लागलेला काटा कळत नाही, जखम चिघळते आणि मधुमेहीचा पाय धोक्यात येतो. प्रश्न काही गोळ्यांच्या पैशांचा नाही, असे सुरुवातीला म्हटले ते याच अर्थाने.

मग डब्यातली बी-कॉम्प्लेक्स यावर उपाय नाही का? येथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. अशा अनेक गोळ्यांत फोलिक ॲसिड असते. फोलिक ॲसिडमुळे बी-१२ च्या कमतरतेने होणारा पंडुरोग सुधारतो. हिमोग्लोबिनचा अहवाल चांगला येतो, पण नसांचा ऱ्हास आतल्या आत चालूच राहतो. म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. दुसरे असे, की अधूनमधून घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांमुळे रक्तातील बी-१२ चा आकडा तात्पुरता फुगतो आणि चाचणीचा अर्थ लावणे कठीण होते. ‘ताकदीचे’ म्हणून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनात काय होते, हे रुग्णाला सांगितले जात नाही, आणि पुढच्या डॉक्टरला ते कळत नाही. (अर्थात, सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारता येणार नाही. इंजेक्शन न देणारा डॉक्टर ‘नुसता सल्ला देतो’ म्हणून बदलणारे रुग्णही काही कमी नाहीत.)

या गोंधळाचा एक पदर खुद्द साखरेच्या मोजमापापर्यंत पोहोचतो. मागील तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. लोह किंवा बी-१२ च्या कमतरतेने या पेशी जुन्या होत राहिल्या, तर एचबीए१सीचा आकडा वास्तवापेक्षा जास्त येऊ शकतो. अशा वेळी रुग्णाचे मधुमेहाचे औषध वाढवले जाते आणि उपचार हवा असतो तो पंडुरोगावर. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनचाही असाच उपद्रव आहे. त्याच्या मोठ्या डोसामुळे हृदयविकाराच्या निदानासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणी चुकीने सामान्य येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिला होता. मधुमेहीला हृदयविकाराचा झटका अनेकदा छातीत न दुखताच येतो. तेथे निदानाची सारी भिस्त अशा चाचण्यांवरच असते.

<b>बाजार पुढे, नियम मागे</b>

भारतात या क्षेत्रावर दोन वेगवेगळे कायदे चालतात. औषध म्हणून विकली जाणारी जीवनसत्त्वे औषध कायद्याखाली येतात. ‘आरोग्यपूरक अन्न’ म्हणून विकली जाणारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांखाली. ते नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि त्यांनुसार पूरक अन्नातील जीवनसत्त्वांचे प्रमाण दैनंदिन शिफारशीपेक्षा जास्त असता कामा नये. बी-१२ च्या बाबतीत ही शिफारस रोजी सुमारे दोन मायक्रोग्रॅम आहे. औषधाच्या दुकानातील ‘नसांच्या’ गोळीत ते १,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत असते. दोन्ही गोळ्या एकाच काउंटरवर, शेजारी-शेजारी मिळतात. ग्राहकाला त्यातला फरक कळण्याची सोय नाही.

मधुमेहाच्या औषधातच जीवनसत्त्व किंवा खनिज मिसळून विकण्याचेही प्रयत्न झाले. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये तर्कहीन ठरवून ज्या ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत मेटफॉर्मिन आणि बेन्फोटायमिन, तसेच मेटफॉर्मिन आणि क्रोमियम यांची मिश्रणेही होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. बंदीपूर्वी अशी मिश्रणे खुलेआम विकली जात होती, याचा विसर पडू नये.

जाहिरातींचे काय? १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात मधुमेहाचे नाव स्पष्टपणे आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘बरा करतो’ असे शब्द टाळून ‘साखर संतुलनास साहाय्यक’, ‘मधुमेहींसाठी खास’ अशी भाषा वापरली जाते. वेष्टनावर जिन्याने चढणारे हसतमुख आजी-आजोबा असतात. काम भागते.

या सगळ्यात रुग्णाने काय करायचे? सर्वांत आधी, बी-१२ कमी होते म्हणून मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करायचे नाही. त्याने होणारा फायदा मोठा आहे आणि होणारी कमतरता भरून काढणे सोपे आहे. चार-पाच वर्षांहून अधिक काळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, शाकाहारी असल्यास त्याही आधी, डॉक्टरांकडे बी-१२ च्या तपासणीचा विषय काढावा. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा म्हणजे स्पष्ट कमतरता. २०० ते ३०० च्या दरम्यान संशयाला जागा असते. कमतरता असेल तर इंजेक्शनेच हवीत असे नाही. रोज एक हजार मायक्रोग्रॅमची साधी गोळी बहुतेकांना पुरते, कारण एवढ्या मोठ्या डोसातील एखादा टक्का आतड्यातून नुसता झिरपून आत जातो. नसांची लक्षणे तीव्र असतील तेव्हा सुरुवातीला इंजेक्शन घ्यावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र कोणतीही जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नये. आहाराने काही साधते का, या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे: रोज दूध घेतल्याने शाकाहारी तरुणांमधील बी-१२ ची पातळी सुधारते, असे केईएम रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. मधुमेहीला ते अर्थातच बिनसाखरेचे, आणि आहाराच्या हिशेबात धरून घ्यावे लागेल.

अडचण आहे ती तपासणीच्या खर्चाची. खासगी प्रयोगशाळेत बी-१२ ची एक चाचणी एचबीए१सीपेक्षा महाग पडते. दरमहा काही रुपयांच्या मेटफॉर्मिनवर भागवणाऱ्या रुग्णाला ती परवडत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीवरील नागरिकांची मधुमेहासाठी तपासणी होते, औषधही मोफत मिळते. मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले होते. या साऱ्याचा भर रक्तातील साखर आणि रक्तदाब या दोन आकड्यांवर आहे. लक्ष्य जितके गाठले जाईल, तितकी मेटफॉर्मिनवरील माणसे वाढणार. त्यांच्या बी-१२ ची नोंद ठेवणारा रकाना मात्र कोठेही नाही. सर्वांची तपासणी शक्य नसली, तरी केसपेपरवर मेटफॉर्मिन कोणत्या वर्षी सुरू झाले, रुग्ण शाकाहारी आहे का आणि पायांना मुंग्या येतात का, या तीन नोंदी करायला पैसे लागत नाहीत. तपासणी आधी कोणाची करायची, हे ठरवायला त्या पुरतील.